नदीची वहिवाट, जलाशयाचा मक्ता

अमरकंटकापासून खंबायतच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटरांची वाट चालणाऱ्या नर्मदेने महाराष्ट्राच्या पदरात आपला जेमतेम ५४ किलोमीटरांचा दक्षिण काठ टाकला आहे; आणि तोही अशा दुर्गम जागी की, सातपुड्याच्या एकीमागे एक उभ्या ठाकलेल्या रांगा ओलांडल्यावाचून खानदेशच्या सपाटीवरील माणसाला तिचे दर्शन घडत नाही. या काठावरचे अगदी पश्चिमेचे, गुजरातच्या हद्दीला खेटलेले गाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली. निवडणुकीच्या दप्तरात महाराष्ट्राचे पहिले मतदान केंद्र म्हणून या गावाची नोंद आहे, आणि मतदानाचे यंत्र तेथे नावेतून न्यावे लागते, ही गोष्ट दर निवडणुकीला वृत्तपत्रांतून छापून येते. परंतु मणिबेलीकडे केवळ दुर्गमतेचे कौतुक म्हणून पाहणाऱ्याला त्या गावाचा इतिहास कळणार नाही. तो कळून घ्यावयाचा असेल, तर उन्हाळ्यात नदीवर मुक्काम करून मासे मारण्याची जी रीत तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिचा माग काढीत जाणे हा मला सर्वांत सरळ मार्ग वाटतो. कारण राजवटी बदलल्या, कायदे बदलले, आणि अखेर नदीचाच जलाशय झाला, तरी या सर्व घडामोडींचे ओरखडे त्या एका रीतीवर स्पष्टपणे उमटलेले दिसतात.

जुन्या मराठी मनाला हा प्रदेश ठाऊक होता तो शूलपाणीची झाडी म्हणून. अंधकासुराचा वध केल्यावर शंकराच्या त्रिशूळाला लागलेले रक्त कोठेच धुतले जाईना, ते नर्मदेच्या या तीर्थात धुतले गेले, अशी रेवाखंडातील कथा. त्या कथेचे स्मरण वाहणारे शूलपाणेश्वराचे प्राचीन देवालय मणिबेलीलगतच नदीच्या काठी उभे होते. तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांच्या शास्त्रोक्त परिक्रमेला निघालेला यात्रेकरू या झाडीत शिरला की, त्याच्याजवळचा शिधा, भांडी, पांघरूण, फार काय अंगावरचे वस्त्रही रानातील भिल्ल काढून घेत, आणि लंगोटीनिशी पुढे निघालेला तो मनुष्य ही नर्मदामाईनेच घेतलेली परीक्षा समजून तिचा जयजयकार करीत असे. परिक्रमेच्या वर्णनांतून या लुटीच्या कथा इतक्या वेळा आल्या आहेत की, वाचकाच्या मनात भिल्लांची तीच एक प्रतिमा पक्की होऊन बसते. मला मात्र नेहमी असे वाटत आले आहे की, या वर्णनकारांपैकी फारच थोड्यांनी त्या लुटणाऱ्याच्या झोपडीत डोकावून, चैत्र-वैशाखात त्याच्या कोठीत किती दाणे शिल्लक आहेत, हे पाहिले असेल. डोंगरउतारावर पावसाच्या भरवशाने पिकणारी ज्वारी आणि भगर होळीनंतर संपत येते. मग मोहाची फुले, चारोळी, टेंभुर्णीची फळे आणि नदीतले मासे यांवर आषाढापर्यंतचे दिवस काढावयाचे असतात. उन्हाळ्यातील मासेमारीचा विचार या भुकेपासून सुरू केला पाहिजे. तीत मौज होती, गाणे होते, सोयऱ्याधायऱ्यांची भेट होती. पण तिच्या मुळाशी अन्नाची निकड होती.

या मुलखावर मैदानातील राज्यकर्त्यांचा अंमल नाममात्रच असे. काठी, सिंगपूर, नाला, नवलपूर, गव्हाळी, चिखली अशा मेवासी सरदारांच्या लहानलहान इस्टेटी पश्चिम खानदेशाच्या या डोंगराळ टोकाला पसरलेल्या होत्या; त्यांपैकी काठीच्या राजवाडी होळीला आजही हजारो लोक लोटतात. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली व खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा भिल्लांचा बंदोबस्त हाच नव्या सरकारपुढील पहिला प्रश्न ठरला, आणि १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारून तो काही अंशी सोडविला. मेवासी सरदारांना मात्र सरकारने बव्हंशी त्यांच्या जागी राहू दिले. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात या इस्टेटींचे वर्णन स्वतंत्रपणे केलेले आहे. जमीनमोजणीची साखळी या डोंगरांत नीट पोहोचली नाही. कोणते शेत कोणाचे, कोणता डोह कोणत्या पाड्याचा, हे दप्तरात कोठे लिहिलेले नसे, पण गावात ते सर्वांना ठाऊक असे. या न लिहिलेल्या हक्कांची पुढे केवढी जबर किंमत मोजावी लागणार आहे, याची कल्पना त्या काळी कोणाला येणे शक्य नव्हते.

आता त्या रीतीकडे वळू. नर्मदा ही बारमाही नदी खरी, पण सातपुडा आणि विंध्य यांच्या चिंचोळ्या दरीतून धावताना तिचे उन्हाळ्यातील रूप पावसाळ्याहून सर्वस्वी निराळे असे. फाल्गुन सरताना पाणी उतरे, काळ्या खडकांच्या कडा उघड्या पडत, मध्ये वाळूची लांबच लांब बेटे वर येत, आणि नदी म्हणजे खळाळ आणि डोह यांची एक माळ होऊन राही. वर आलेल्या वाळूत कलिंगडे व डांगरे लावीत. वेलांना राखण हवी म्हणून कुटुंबातील कोणीतरी पळसाच्या डहाळ्यांची खोपी करून नदीतच राहावयास येई. या राखणदारांच्या खोप्यांभोवतीच उन्हाळ्याचा मुक्काम वाढत जाई. दिवसभर डोंगर तापे, वरच्या पाड्यांवरील झरे आटत, गुरे पाण्यासाठी खाली उतरवावी लागत. तेव्हा बायकामुलांसह सारे गावच काही दिवस नदीच्या सावलीला आले, तर त्यात नवल नव्हते. लग्नसराईही याच दिवसांतली. पाहुणे आले की त्यांच्या पानात वाढावयाला मासळीसारखे दुसरे पक्वान्न कोणते?

मासे धरण्याचे प्रकार अनेक होते आणि प्रत्येकाला आपली जागा व वेळ होती. खळाळाच्या तोंडाशी दगडांची बुटकी भिंत रचून पाण्याला एकच वाट ठेवावयाची आणि त्या वाटेवर बांबूच्या कांबींचा निमुळता सापळा बसवावयाचा, हे वडीलधाऱ्यांचे काम. कारण दगड कोठे ठेवला असता पाणी कसे वळेल, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या निरीक्षणानेच येते. तरुण मंडळी उथळ पाण्यात फेकजाळे टाकीत. रात्री पलिते पेटवून, पाण्यावर झुकलेल्या खडकावर निश्चल उभे राहून बाणाने मासा टिपणे, ही तर भिल्लाच्या धनुर्विद्येची खरी कसोटी. पाण्यात मासा दिसतो त्याहून तो वस्तुतः खोल असतो, हा प्रकाशाच्या वक्रीभवनाचा नियम शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या तिरंदाजाच्या हाताला ठाऊक असे. मुले गळ टाकून वाम किंवा शिंगाळा लागण्याची वाट पाहत, आणि बायका ओढ्याच्या उथळ्यात टोपलीने झिंगे व बारीक मासळी उपसून काढीत.

या सर्वांहून अधिक सामाजिक असा प्रकार म्हणजे आटत चाललेल्या नाल्याच्या डोहात झाडपाला कालवून मासे गुंगविण्याचा. गेळाची फळे किंवा हिंगणबेट कुटून त्याचा लगदा पाण्यात सोडला की, थोड्या वेळाने मासे बधिर होऊन पृष्ठभागावर तरंगू लागतात. असे मासे माणसाने खाल्ले तरी बाधत नाहीत. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. डोह कधी मोडावयाचा हे गावाने ठरवावयाचे, कुटण्याला घरटी हात लावावयाचा, आणि धरलेल्या मासळीचे वाटे करताना म्हातारी, विधवा, आजारी, यांचेही वाटे काढावयाचे. शेतीची वा घरबांधणीची कामे परस्परांच्या श्रमावर पार पाडण्याची लाह नावाची जी पद्धत या खोऱ्यात आहे, तिचेच हे पाण्यातले रूप होते असे म्हणावयास हरकत नाही. नर्मदेच्या मुख्य धारेत असला प्रयोग चालत नाही, तेथे पाणी फार. म्हणून मोठ्या डोहांतील मोठे मासे आपोआपच राखले जात आणि पावसाळ्यात त्यांची वीण पुन्हा नाल्यानाल्यांत चढे. या व्यवस्थेला कोणी संवर्धन असे भारदस्त नाव दिले नव्हते. तथापि, ओरबाडून घेण्याला तीत नैसर्गिक बांध होता, हे मान्य करावयास हवे.

या पाण्याचा राजा म्हणजे महसीर. मोठ्या जाड खवल्यांचा, सोनेरी-तांबूस झाक असलेला हा मासा स्वच्छ, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यात आणि गोट्यांच्या तळावर वाढतो. नर्मदा तर त्याचे माहेरच. १९६० च्या सुमारास केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन संस्थेने होशंगाबादच्या बाजूला नर्मदेची पाहणी केली, तेव्हा जाळ्यात येणाऱ्या मासळीचा चतुर्थांशाहून अधिक भाग या एका माशाचा आढळला होता. मध्य प्रदेशाने पुढे त्याला राज्यमत्स्याचा मान दिला. याच माशाच्या मागे इंग्रज अंमलदारही वेडे झाले होते. मद्रासच्या मुलकी सेवेतील हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याने महसीरची कीर्ती साहेबांच्या छावण्याछावण्यांतून पोहोचविली. आणि रजा काढून, तंबू, खानसामा, शिकारी व हमाल यांच्या लवाजम्यानिशी उन्हाळ्यात नदीकाठी मुक्काम करणे हा त्या काळच्या अंमलदारांचा एक मान्य विरंगुळा होऊन बसला. सहलीची जी कल्पना आज आपण आधुनिक म्हणून मिरवितो, तिचा उगम बराचसा या छावण्यांत आहे. गंमत एवढीच की, साहेबाला माशाचा ठावठिकाणा दाखविणारा मनुष्य बहुधा त्या डोहावर आजा-पणजापासून मासे मारीत आलेला असे, आणि ग्रंथात मात्र त्याचे नाव सहसा येत नसे.

मग कायदे आले. १८७८ च्या वनकायद्याने रानाची राखीव आणि संरक्षित अशी वाटणी होऊ लागली. ज्या उतारावर भिल्लाचे शेत होते, तो उतार हळूहळू सरकारी जंगल झाला आणि तो स्वतः अतिक्रमणदार. १८९७ च्या हिंदी मत्स्य अधिनियमाने सुरुंगाच्या दारूने मासे मारणे हा जसा गुन्हा ठरविला, तसाच पाण्यात विषारी पदार्थ घालणे हाही. यांपैकी सुरुंगाविरुद्धचे कलम अत्यंत योग्य होते, कारण दारूच्या एका धडाक्याने डोहातील पिलेअंडी सारी नष्ट होतात, आणि रस्ते-पुलांच्या बांधकामाबरोबर ती दारू जंगलात सहज येऊ लागली होती. पण आटत्या नाल्यातील गेळफळ आणि सुरुंगाची दारू यांना एकाच कायद्याच्या दोन लगतच्या कलमांत बसविणाऱ्याने त्या दोहोंमधील अंतराचा विचार केला होता असे दिसत नाही. मणिबेलीसारख्या ठिकाणी कायद्याचा शिपाई क्वचितच पोहोचे, म्हणून रीत चालू राहिली; मात्र तिच्या कपाळी गुन्ह्याचा शिक्का बसला तो बसलाच.

नर्मदा अडविण्याचा विचार स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच सुरू झाला होता. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते गुजरातेतील केवडियाजवळ धरणाची कोनशिला बसली. तेव्हा डोळ्यांपुढे असलेले पहिल्या टप्प्याचे धरण १६२ फुटांचे होते. पुढे खोसला समितीने नवागाम येथे ५०० फुटांची शिफारस केली, राज्याराज्यांत तंटा माजला, १९६९ मध्ये लवाद नेमला गेला, आणि १९७९ च्या डिसेंबरात त्याचा अंतिम निवाडा होऊन जलाशयाची पूर्ण पातळी ४५५ फूट, म्हणजे १३८.६८ मीटर, अशी निश्चित झाली. २८० लक्ष एकर-फूट पाण्यापैकी महाराष्ट्राच्या वाट्याला अडीच लक्ष एकर-फूट आणि वीजनिर्मितीतील २७ टक्के वाटा आला. आणि त्याच्या बदल्यात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित ठरली. धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे म्हणून या गावांत पाण्याचा पहिला तडाखा मणिबेलीला बसावयाचा होता.

त्यानंतरची हकीकत देशाला ठाऊक आहे, तरी तिचा क्रम येथे सांगितला पाहिजे. १९८५ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलरांचे कर्ज मंजूर केले; त्याच सुमारास मेधा पाटकर या काठावरच्या गावांतून हिंडू लागल्या, नर्मदा धरणग्रस्त समिती आणि तिच्यातून पुढे नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले. १९९१ च्या पावसाळ्यापासून मणिबेली हे सत्याग्रहाचे केंद्र झाले. चढत्या पाण्यापुढे घर न सोडण्याची प्रतिज्ञा करून माणसे तेथे बसून राहिली. बँकेने नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स व टॉमस बर्जर यांच्या स्वतंत्र समितीचा प्रतिकूल अहवाल जून १९९२ मध्ये आला, आणि मार्च १९९३ मध्ये उर्वरित कर्ज भारत सरकारने नाकारले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीची घरे पाण्यात गेली. १९९४ मध्ये जगातील ४४ देशांतील ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देऊ नये असे जे जाहीर आवाहन केले, त्याला मणिबेली जाहीरनामा असेच नाव देण्यात आले. अक्कलकुव्याच्या पलीकडे ज्याचे नाव ठाऊक नव्हते, त्या पाड्याचे नाव वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतून घेतले जाऊ लागले, आणि त्याच वेळी तो पाडा मात्र पाण्याखाली होता.

१८ ऑक्टोबर २००० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर भिंत टप्प्याटप्प्याने चढत गेली. २००६ च्या अखेरीस ती १२१.९२ मीटरांवर पोहोचली, २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला. शूलपाणेश्वराचे देवालय बुडाले, त्याच्या नावाचे नवे देऊळ गोऱ्याला बांधण्यात आले. परिक्रमेची जुनी काठावरची पायवाट बुडाली. आता दक्षिण तटाचा परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असा दूरचा फेरा घेतो. मणिबेलीची काही कुटुंबे गुजरातेत परवेट्यासारख्या वसाहतींत गेली, काठावरच्या इतर गावांतील पुष्कळ कुटुंबे तळोद्याच्या वनजमिनीवर वसविलेल्या सोमावळ, रोझवा, नर्मदानगर, रेवानगर या वसाहतींत आली. आणि काहींनी पाणी जसजसे चढले तसतशी आपली घरे उकलून डोंगरावर उंच नेली. मागे राहिलेल्या या लोकांचा शेजार आता नदीशी उरला नव्हता. त्यांच्या दाराशी जलाशय आला होता.

नदी आणि जलाशय यांत जे अंतर आहे, ते नकाशावर कळत नाही. एका वैशाखात आम्ही काही स्नेही मणिबेलीच्या काठावर राहुटी ठोकून राहिलो होतो. पाण्याच्या अगदी कडेला सपाट, भेगाळलेल्या गाळाची पट्टी दिसली, म्हणून तेथेच सामान टाकले, तेव्हा नाव बांधून वर येणारा एक वृद्ध म्हणाला, “भाऊ, इथं नको. सांजेला वारा उठतो, अन्‌ पाणी रातीतून कुठं येईल ते आम्हालाबी सांगता येत नाही. वर आंब्याखाली या.” नदीचे पाणी कोणत्या तिथीला किती उतरेल, हे त्याच्या बापाला सांगता येत असे. जलाशयाची पातळी ठरते ती वर सोडलेल्या आणि खाली वीजगृहाने घेतलेल्या पाण्याच्या हिशेबाने. १,२०० मेगावॉटच्या यंत्रांची गरज, कालव्याची मागणी आणि वरच्या धरणांची सोय यांवर काठावरच्या माणसाचे दिवस बेतले जातात. मैलोगणती मोकळ्या पृष्ठभागावर दुपारनंतर वारा लाटा उठवितो. २०१९ च्या मकरसंक्रांतीला भुषा येथे नाव उलटून माणसे दगावली, ती याच पाण्यात. जुन्या डोहांत उडी टाकणारी मुले आता पाण्यात पाय घालताना मगरीची चाहूल घेतात. दवाखानाही येथे नावेवरून येतो, आणि ज्या पाण्यातून वीज निघते त्या पाण्याकाठच्या घरांत दीर्घकाळ दिवा रॉकेलचाच होता.

मासळीही पालटली. खळाळ बुडाले, गोट्यांचा तळ गाळाखाली गेला, तेव्हा वाहत्या पाण्यावर जगणाऱ्या महसीरला तेथे ठाव कसा राहावा? भडोचच्या खाडीतून पावसाळ्यात वर चढणाऱ्या हिलसाला आणि विणीसाठी खाऱ्या पाण्याकडे उतरणाऱ्या मोठ्या झिंग्यांना तर भिंतच आडवी आली. स्थिर पाण्यात वाढतात ते कटला, रोहू, मृगळ. त्यांचे बीज सोडावे लागते, आणि न सोडताही आपले आपण पसरते ती चिलापी. फेकजाळ्याचे आणि बाणाचे येथे काही चालत नाही. शंभर हात खोल पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे नायलॉनचे जाळे हवे, ते लावावयाला नाव हवी, धरलेला मासा टिकवावयाला बर्फ हवा, आणि बर्फ डोंगरापलीकडून आणावयाचा तर व्यापाऱ्याची उचल घ्यावी लागते. ज्या कामात पूर्वी भांडवल म्हणून कोयता, बांबू आणि गावाची संमती एवढेच लागत असे, त्याला आता रोख पैसा लागू लागला. बुडालेल्या झाडांच्या खोडांत अडकून जाळे फाटते तेव्हा ते खोड कोणाच्या आंब्याचे, हे नावेतल्या माणसाला माहीत असते.

येथेच मूळ प्रश्न उभा राहतो: या पाण्यावर हक्क कोणाचा? लवादाच्या निवाड्यात या बाबतीत एक महत्त्वाची तरतूद आहे, आणि ती फार थोड्यांच्या वाचनात आलेली असते. बुडीत जमिनीचा मोबदला जरी गुजरातने दिला, तरी त्या पाण्यावरील मासेमारी, नौकानयन आणि जलवाहतूक यांचे हक्क ज्या राज्याची ती भूमी, त्याच राज्याकडे अबाधित ठेवण्यात आले. हक्क राज्याला मिळाला, हे ठीक झाले. पण राज्याच्या हातून तो कोणाच्या हाती जावा, हे निवाड्याने सांगितले नाही. जलाशयातील मासेमारी ठेक्याने देण्याची आपली रीत जुनी आहे. ती जेथे निव्वळ बोलीच्या रकमेवर चालली, तेथे दूरच्या ठेकेदाराने पाणी घ्यावे आणि ज्याचे शेत त्या पाण्याखाली आहे त्याने त्याच पाण्यात मजूर म्हणून जाळे ओढावे, किंवा चोर म्हणून पकडले जावे, असा अनुभव देशात जागोजाग आला आहे.

याहून निराळे घडू शकते, हे नर्मदेच्याच एका उपनदीवर सिद्ध झाले होते. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातील तवा धरणाच्या विस्थापितांनी दीर्घ लढ्यानंतर १९९६ मध्ये जलाशयाचा मासेमारी हक्क मिळविला आणि तवा मत्स्य संघ नावाने सहकारी संघ उभारला. बीज सोडणे, विणीच्या दिवसांत जाळी बंद ठेवणे, मासळी एकत्र गोळा करून परगावी पाठविणे, ही सर्व कामे आदिवासींनी स्वतःच्या संस्थेतून चालविली. २००१ मध्ये मुदत वाढली, २००६ च्या अखेरीस संपली, आणि व्याघ्र प्रकल्पाचे कारण पुढे येऊन ती पुन्हा वाढविली गेली नाही. वाघांच्या रक्षणाविषयी मला पूर्ण आस्था आहे. परंतु एकदा धरणासाठी आणि दुसऱ्यांदा अभयारण्यासाठी त्याच माणसांनी बाजूला व्हावे, हा न्याय माझ्या मनाला अद्याप पटलेला नाही. मणिबेलीच्या परिसरातही काठावरच्या गावांनी मत्स्यव्यवसायाच्या सहकारी संस्था केल्या आणि ठेक्याऐवजी विस्थापितांचा हक्क हे तत्त्व पुढे मांडले. ज्यांच्या घरी जाळे कधी नव्हते, त्या शेतकऱ्यांनी जाळे विणणे, नाव वल्हवणे आणि हिशेब ठेवणे शिकून घेतले. शासनाची कामगिरी या बाबतीत धिमी असली, तरी गावकऱ्यांची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे.

हक्काप्रमाणेच माशाच्या बाबतीतही एक उदाहरण समोर आहे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या वीजकंपनीने १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास यशस्वीपणे केली आणि तेथील पिले देशातील अनेक पाण्यांत गेली. विजेसाठी अडविलेल्या पाण्याच्या मालकाने माशाचे देणे फेडण्याचा हा एक प्रामाणिक प्रयत्न होता. नर्मदेला येऊन मिळणाऱ्या उदईसारख्या ज्या प्रवाहांचे वरचे भाग अजून वाहते आहेत, त्यांत महसीरला आसरा राहील अशी काळजी घेणे अशक्य नाही. मात्र त्यासाठी त्या प्रवाहांवरील पाड्यांना पहारेकरी नेमून चालणार नाही, त्यांना भागीदार करावे लागेल.

आता सहलीचे दिवस आले आहेत. २०१८ मध्ये धरणाच्या पायथ्याशी १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा उभा राहिला, केवडियाला तंबूंचे नगर वसले, आणि तेथून वरच्या पाण्याकडे हौशी मंडळींची दृष्टी वळणे स्वाभाविक आहे. सातपुड्याच्या कुशीत राहुटी ठोकावी, पहाटे गळ टाकावा, धुनीवर मासा भाजावा, या इच्छेत दोष काढण्याजोगे मला काही दिसत नाही. शहरातल्या मुलांना तारांगण दाखविणारी जागा आता उरली आहे तरी किती? पण उन्हाळ्यात पाणी उतरले की जी गाळपेर जमीन उघडी पडते, आणि जी पाहून तंबूसाठी याहून चांगली जागा नाही असे पाहुण्याला वाटते, तिच्यावर आषाढापूर्वी एखादे पीक घेता येईल का, याचा हिशेब वर डोंगरावरच्या घरात चाललेला असतो. ती जमीन कोणी, किती दिवस आणि कशासाठी वापरावी, हे पुढल्या काही वर्षांत ठरणार आहे, आणि एकदा मक्ता लिहून दिला गेला की वहिवाट सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हे या खोऱ्याने दोनदा अनुभवले आहे.

सुदैवाने या वेळी लिहिलेला आधार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या तिसऱ्या कलमात सामूहिक हक्कांची जी मोजदाद केली आहे, तीत चराईच्या बरोबरीने पाण्यातील मासे व इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १८९७ च्या अधिनियमाने ज्याच्या रीतीवर गुन्ह्याचा शिक्का मारला, त्याचा पाण्यावरील हक्क शंभरांहून अधिक वर्षांनी संसदेने कबूल केला. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याचे बळही आहे. तेव्हा मणिबेलीच्या काठावर तंबू ठोकण्याची परवानगी ग्रामसभेच्या ठरावाने मिळावी, नाव गावातलीच भाड्याने घ्यावी, मासळी संस्थेच्या काट्यावर तोलून विकत घ्यावी, आणि पावसाळ्याच्या आरंभी वीण सुरू झाली की हौशी गळही धंद्याच्या जाळ्याबरोबरच गुंडाळला जावा, अशी नियमावली जिल्ह्याच्या कचेरीने काठावरच्या गावांना बरोबर घेऊन लवकर तयार केली पाहिजे.